विषय सोडून लिहिलेला निबंध



आज नमुना निबंध देत नाही. आज माझी स्वतःची एक चूक सांगतो. चूक निबंध तपासतानाची आहे, म्हणून ती इथंच सांगायला हवी. ती सुधारायला मला चांदूर बाजारहून थेट गोव्यापर्यंत जावं लागलं, आणि त्यातले शेवटचे साठ-पासष्ट किलोमीटर पायी.

दोन-अडीच वर्षं झाली. आषाढी एकादशी नुकतीच होऊन गेली होती. सातवीच्या घटक चाचणीत मी निबंध दिला, ‘मी पाहिलेली वारी’. दहा गुण. पेपर घरी आणले, चहा घेतला आणि तपासायला बसलो. तुम्हाला अनुभव आहेच. पहिले चार पेपर वाचले की पाचव्यात काय असेल ते न वाचता सांगता येतं. टाळमृदंगाचा गजर, भगव्या पताका, डोक्यावर तुळशीवृंदावन, वैष्णवांचा मेळा. सगळं गाईडमधलं. त्यातल्या बहुतेक पोरांनी पंढरपूर पाहिलेलं नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं. तरी अक्षर चांगलं, शुद्धलेखन बरं, म्हणून मी आठ-आठ गुण वाटत गेलो.

मग एका मुलीचा पेपर आला. तिचे वडील बँकेत होते, बदलीवर आलेले. मूळ गाव सावंतवाडीकडचं, घर ख्रिस्ती. तिनं लिहिलं होतं ते मला जवळजवळ शब्दशः आठवतं. माझे आजोबा दरवर्षी पायी गोव्याला जातात. पुढे क्रूस असतो, मागे सगळे माळ म्हणत चालतात. वाटेत लोक पाणी देतात. आजोबांच्या पायाला फोड येतात म्हणून आजी त्यांना रागावते. पण पुढच्या वर्षी त्यांची पिशवी तीच भरते.

मी लाल पेन उचलला आणि खाली लिहिलं, ‘विषय सोडून लिहिले आहे. वारी पंढरपूरची असते.’ दहापैकी तीन.

पालकसभेला तिचे वडील आले. पेपरची घडी त्यांच्या खिशात होती. आवाज चढवला नाही, तक्रार केली नाही. एवढंच म्हणाले, “सर, गुणांचं काही नाही. पण माझे वडील खरंच जातात हो. तिनं बनवून नाही लिहिलं.” मी आपण सगळे म्हणतो तेच म्हणालो, “बरं बरं, पुढच्या वेळी बघू.” पुढची वेळ आलीच नाही. उन्हाळ्यात त्यांची बदली झाली आणि ते कुटुंब परत कोकणात गेलं.

पण त्या पेपरातलं शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. रागावणारी आणि तरी पिशवी भरणारी आजी. कोणत्या गाईडमध्ये असं वाक्य असतं, सांगा बरं? अख्ख्या वर्गात एकाच पोरीनं स्वतः पाहिलेलं लिहिलं होतं, आणि मी तिलाच तीन गुण दिले होते.

मग मी माहिती काढायला लागलो. ती पोर ज्या वाटेबद्दल लिहीत होती ती जुन्या गोव्याची, संत फ्रान्सिस झेवियरच्या समाधीची. झेवियर मूळचे स्पेनमधल्या नवारचे. जन्म १५०६ चा. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले. पुढची दहा वर्षं दक्षिणेचा किनारा, मलाक्का, जपान असे फिरत राहिले आणि ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारले. देह आधी मलाक्काला आणि मग १५५४ मध्ये गोव्याला आणला. १६२२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. गोव्यात त्यांना ‘गोंयचो सायब’ म्हणतात. ३ डिसेंबरला त्यांचा सण असतो. त्याआधी २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवसांची प्रार्थना, तिला नोवेना म्हणतात. या दिवसांत सिंधुदुर्गातून, बेळगाव-खानापूरकडून आणि कारवारकडून माणसं गटागटानं पायी जुन्या गोव्याला जातात. म्हणजे वारीच की! आणि मी सातवीच्या पोरीला सांगत होतो, अशी वारी नसते.

शेवटी मी तिच्या वडिलांना फोन केला. म्हटलं, तुमच्या बाबांसोबत मला चालता येईल का? मी तुमच्या धर्माचा नाही, चालेल का? ते म्हणाले, विचारून सांगतो. संध्याकाळी आजोबांचा निरोप आला, “गुरुजींचे पाय चलतत मां? मग झाला.”

आमच्या शिक्षकखोलीत मात्र चर्चा झाली. एक सहकारी म्हणाले, “काऊन जाऊन रायले तिकडे? आपल्याकडं शेगाव नाही का, रिद्धपूर नाही का?” खरं आहे. रिद्धपूर तर आमच्या अगदी जवळ. गोविंदप्रभूंचं गाव, म्हाइंभटांच्या लीळाचरित्राचं गाव, मराठी गद्याचं माहेर. शेगावला मी स्वतः दोनदा पायी गेलोय.

दुसऱ्या सहकाऱ्यांचा प्रश्न जास्त टोकदार होता. ते इतिहास शिकवतात. म्हणाले, “सर, गोव्यात इन्क्विझिशन आणा असं पोर्तुगालच्या राजाला लिहिणारा हाच ना? १५४६ चं पत्र आहे. आणि तुम्ही त्याच्या दर्शनाला पायी चालले?” माझ्याकडं तयार उत्तर नव्हतं. पत्र खरं आहे. इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय गोव्यात आलं ते १५६० मध्ये, झेवियर वारल्यावर आठ वर्षांनी, आणि १८१२ पर्यंत टिकलं. त्या काळात देवळं पाडली गेली. मंगेशाला कुठ्ठाळीहून झुआरी नदी ओलांडून प्रियोळला न्यावं लागलं, तेही १५६० मध्येच. भक्तांनी रातोरात देव हलवला, अशी तिथली परंपरा आहे. मी एवढंच म्हणालो, “मी झेवियरांसाठी नाही जात. त्या पोरीच्या आजोबांसाठी जातो.” पण तो प्रश्न मी सोबत घेऊनच निघालो.

नोव्हेंबरच्या शेवटी किरकोळ रजा टाकली. चांदूर बाजारहून एसटीनं अमरावती, तिथून रेल्वेनं मुंबई, मग कोकण रेल्वेनं सावंतवाडी. सोबत आंबिया बहाराच्या संत्र्यांची एक पिशवी. रिकाम्या हातानं कसं जायचं? स्टेशनवर आजोबा स्वतः न्यायला आले होते. सत्तरी ओलांडलेली, अंगानं काटक, पायात साधी रबरी चप्पल. संत्रं हातात घेऊन म्हणाले, “नागपूरची?” म्हटलं, “नाही बाबा, चांदूर बाजारची. नाव नागपूरचं होतं, संत्री आमची असतात.” ते हसले. तिथंच आमचं जमलं.

त्यांची नात तेव्हा घरी नव्हती, आईसोबत मामाकडे गेली होती. शेवटच्या दिवशी पणजीला येऊन मिळणार होती. खरं सांगतो, मला जरा हायसं वाटलं.

निघण्याच्या दिवशी पहाटे चर्चच्या आवारात सगळे जमले. सावंतवाडी हे सिंधुदुर्ग धर्मप्रांताचं मुख्य ठिकाण, २००५ मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळं झालेलं. तिथल्या कॅथेड्रलचं नाव मिलाग्रिस, म्हणजे चमत्कारांची माता. आमच्या गटात साठ-सत्तर माणसं असतील. म्हाताऱ्या बाया, कॉलेजची पोरं, एक नवरा-बायको तान्ह्या लेकरासह. आधी मिस्सा झाली. मग गटप्रमुखांनी नियम सांगितले. रस्त्याची कड सोडायची नाही. अंधारात चमकणारा पट्टा काढायचा नाही. शिट्टी वाजली की थांबायचं, पुन्हा वाजली की निघायचं. कोणी मागं राहिलं तर शेवटचे दोन स्वयंसेवक त्याच्यासोबत राहतील, त्याला एकटं सोडणार नाहीत. पिशव्या टेंपोत.

मला आपला चोपदार आठवला. दिंडीत चोपदारानं दंड वर केला की हजारो माणसं गप्प होतात. इथं दंडाच्या जागी शिट्टी. पायी चालणाऱ्यांची शिस्त सगळीकडं सारखीच असावी, कारण पायांचं दुखणं सारखंच असतं.

पुढं क्रूस घेतलेला एक तरुण, आणि मागं आम्ही. चालता चालता माळेची प्रार्थना सुरू झाली. माळेत दहा-दहाचे पाच टप्पे असतात, पन्नास वेळा ‘नमो मरिया’. एका बाजूनं अर्धी प्रार्थना, दुसऱ्या बाजूनं उरलेली. कधी मराठीत, कधी कोंकणीत. मी ती म्हणत नव्हतो. जे आपण मानत नाही ते नुसतं तोंडानं म्हणायचं, हे मला खोटं वाटलं. आजोबांना तसं सांगितलं. ते म्हणाले, “नाय म्हटलास तरी चलात. पाऊल टाक, ती पण प्रार्थनाच.” दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मात्र माझी पावलं त्या तालावर पडायला लागली होती. हरिपाठ म्हणत चालताना पडतात तशीच.

बांद्याच्या पुढं पत्रादेवी लागते. महाराष्ट्राची हद्द संपते, गोव्याची सुरू होते. तिथं हुतात्मा स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवा मुक्त करायला निघालेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी इथं गोळ्या झाडल्या. पंजाबातून आलेला कर्नैलसिंग इथंच पडला. गोवा मुक्त झाला तो पुढं सहा वर्षांनी, १९ डिसेंबर १९६१ ला. आमचा गट स्मारकापाशी थांबला. क्रूस धरलेल्या पोरानं क्रूस खाली टेकवला. सगळे दोन मिनिटं उभे राहिले. आजोबा म्हणाले, “माझो बापूस सांगायचो, मधी ही वाटच बंद होती. तेव्हा चलाक गावत नव्हता.”

ते ऐकून मी माझ्याच शिकवण्याचा विचार करत राहिलो. वर्गात मी ‘पोर्तुगीज’ आणि ‘ख्रिस्ती’ हे दोन शब्द किती सहज एकाच दमात म्हणतो! गोव्याच्या स्वातंत्र्याची चळवळ उभी करणाऱ्यांत त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा होते. १९२८ मध्ये त्यांनी गोवा काँग्रेस समिती स्थापन केली, पुढं तुरुंगवास भोगला. तेही ख्रिस्तीच. हे मी कधी फळ्यावर लिहिलं होतं का? नाही.

त्या रात्री मुक्काम एका चर्चच्या सभागृहात होता. जेवायला भात, डाळ, बटाट्याची भाजी. गावातल्या बायांनी रांधलेलं. कोणी विचारलं नाही की हा कोण, कुठला. जेवणं झाल्यावर सोबतच्या फादरना कळलं की मी मराठी शिकवतो. ते उठून जवळ येऊन बसले. म्हणाले, “मग फादर स्टीफन्स तुमचेच.”

तुमच्यापैकी मराठी शिकवणाऱ्यांना हे नाव ठाऊक असेल. थॉमस स्टीफन्स, जन्मानं इंग्रज. १५७९ मध्ये गोव्यात आले आणि चाळीस वर्षं इथंच राहून १६१९ मध्ये वारले. त्यांनी येशूचं चरित्र लिहिलं ते मराठीत, ओवी छंदात. दहा हजारांहून जास्त ओव्या. ‘क्रिस्तपुराण’. १६१६ मध्ये राचोलच्या छापखान्यात छापलं, पण रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. मराठीची थोरवी सांगणाऱ्या त्याच्यातल्या ओव्या आपण मराठी भाषा दिनाला भिंतीवर लावतो, मुलांकडून पाठ करून घेतो. पण त्या कोणी, कशासाठी लिहिल्या हे सांगत नाही. फादरनी त्या रात्री चार ओव्या गाऊन दाखवल्या. मी डोळे मिटून ऐकल्या. चाल आमच्या गावच्या ज्ञानेश्वरी पारायणापेक्षा फार लांबची नव्हती. वीस वर्षं मराठी शिकवतो, क्रिस्तपुराण गाताना पहिल्यांदा ऐकलं.

दुसरा दिवस सगळ्यांत अवघड गेला. ऊन, घाम आणि डांबर. वऱ्हाडातलं ऊन मला सवयीचं, पण तिथला दमटपणा नाही. दुपारी उजव्या टाचेला फोड आला. मी लंगडायला लागलो तसे शेवटचे दोन स्वयंसेवक माझ्या दोन्ही बाजूंना आले आणि काही न बोलता माझ्या चालीनं चालू लागले. पहाटे सांगितलेला नियम तेव्हा कळला. वर्गात मागं पडलेल्या पोरासोबत आपण असे चालतो का, हाही विचार मनात येऊन गेला.

संध्याकाळी म्हापशाला पोचलो. तिथल्या चर्चमध्ये ‘मिलाग्रिस सायबीण’ आहे. तिच्या सणाला हिंदूही रांगेत असतात. लोककथा अशी की सात बहिणी होत्या. त्यातली एक शिरगावची लईराई देवी, आणि एक ही मिलाग्रिस. दोघींच्या भक्तांमध्ये आजही देणंघेणं चालतं. आजोबा मला हे सांगत होते आणि मला बुलढाण्याची सैलानी बाबांची यात्रा आठवत होती. दर्गा आहे, पण आमच्याकडची कितीतरी हिंदू घरं तिथं जातात. कोणाला त्यात नवल वाटत नाही.

रात्री पायाला खोबरेल तेल लावत बसलो असताना मी तो सोबत आणलेला प्रश्न विचारला. “बाबा, एक विचारू? राग मानू नका. पूर्वी इथं देवळं पाडली, माणसांना धर्मासाठी छळलं. झेवियरांनीच तसं पत्र लिहिलं होतं म्हणतात. तुम्हाला काय वाटतं?”

आजोबा बराच वेळ तेल चोळत राहिले. मग म्हणाले, “गुरुजी, माका म्हायत नाय असा नाय. वाईट झाला ता वाईटच. पण मी चलतंय ता माझ्या आवशीन केलेल्या नवसासाठी. लहानपणी मी दुखणायत होतंय. तिना सायबाक सांगलान, झील वाचलो तर पायी धाडीन. ती गेली. मी चलतंय.”

हे उत्तर इतिहासाच्या प्रश्नाचं उत्तर नाही, हे मलाही कळतं. इन्क्विझिशन शिकवायला हवं, १५४६ चं पत्रही शिकवायला हवं, लपवून काही साधत नाही. पण ते शिकवताना समोरच्या बाकावर बसलेल्या सातवीच्या पोरीकडं त्याचा हिशोब मागायचा नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या राजाचा जबाब तिच्या आजोबांकडून घ्यायचा नाही. इतिहासाचा पाठ आणि आईचा नवस, दोन्ही खरे आहेत. एकानं दुसरा खोडायचा नसतो. मला तरी त्या रात्री एवढंच उमगलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पणजीत ती भेटली. आता नववीत. उंच झालेली. “नमस्कार सर,” म्हणाली आणि आजोबांची पाण्याची बाटली आपल्याकडं घेतली. पणजीहून जुन्या गोव्याला जाताना रायबंदरपर्यंत तीन किलोमीटरहून लांब दगडी बांधावरून रस्ता जातो. १६३३-३४ मध्ये बांधलेला. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला खारफुटी आणि मिठागरं. त्या बांधावर आम्ही शेजारी चालत होतो. मी तीन दिवस मनात घोकलेलं वाक्य एकदाचं बोललो.

“सातवीत तू वारीवर निबंध लिहिला होतास. मी तीन गुण दिले होते. माझं चुकलं होतं. तुझा निबंध वर्गात सगळ्यांत चांगला होता.”

ती काही बोलली नाही. बऱ्याच अंतरानं म्हणाली, “तो पेपर पप्पांनी ठेवलाय.” मग थोडं थांबून, “सर, इथं आठवीत पुन्हा तोच विषय आला होता. मी गाईडमधला लिहिला. पंढरपूरचा. नऊ मिळाले.”

मित्रांनो, हे ऐकल्यावर टाचेचा फोड विसरलो. तीन गुण देऊन मी तिला शुद्धलेखन शिकवलं नव्हतं, निबंधलेखनही नाही. मी तिला एवढंच शिकवलं होतं की खरं लिहिलं तर तीन मिळतात आणि न पाहिलेलं लिहिलं तर नऊ. आणि हुशार पोर, एका धड्यात शिकली.

बासिलिका बॉम जेसूसपाशी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. दुसऱ्या दिवशी सण, त्यामुळं अफाट गर्दी. मेणबत्त्या, फुलांच्या माळा, खाज्याची दुकानं. जांभ्या दगडाची, गिलावा नसलेली तांबूस इमारत. तिचं काम १५९४ मध्ये सुरू झालं आणि १६०५ मध्ये ती पूर्ण झाली. हे साल वाचून मी थबकलो. आमच्या अमरावती जिल्ह्यात कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला जाते, तिची परंपरा १५९४ पासूनची सांगतात. एकाच सुमाराला वर्धा नदीकाठून एक वाट निघाली आणि मांडवीकाठी ही भिंत उभी राहायला लागली. एकमेकांना ठाऊक नसलेल्या दोन वाटा.

आत संगमरवरी चौथऱ्यावर उंच ठेवलेली चांदीची पेटी आहे. पेटी सतराव्या शतकात गोव्यातल्याच कारागिरांनी घडवलेली. चौथरा इटलीतल्या टस्कनीच्या ग्रँड ड्यूकनं पाठवला, तो १६९८ मध्ये इथं बसवला. दर दहा वर्षांनी पेटी खाली आणून दर्शनाला ठेवतात. ते मागच्याच वेळी, २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झालं. त्यामुळं यंदा सगळ्यांनी खालूनच मान वर करून पाहिलं. आजोबांनी चप्पल काढली, गुडघे टेकले आणि दोन मिनिटांत उठले. साठ-पासष्ट किलोमीटर चालून दोन मिनिटं. पंढरपूरला पायरीवरूनच कळसाचं दर्शन घेऊन परतणारे वारकरी असतात, त्यांच्यासारखंच.

नंतरच्या मिस्सेत प्रसाद घ्यायला सगळे रांगेत उठले. तो त्यांच्या श्रद्धेचा भाग, बाप्तिस्मा झालेल्यांसाठीचा. मी बाकावर बसून राहिलो. कोणी ओढलं नाही, कोणी वळून पाहिलं नाही. मिस्सा संपल्यावर ती मुलगी माझ्याजवळ आली आणि माझ्याच पिशवीतलं उरलेलं एक संत्रं सोलून अर्धं मला दिलं.

परत आल्यावर मी आमच्या वर्गाला पुन्हा निबंध दिला. विषय बदलला, ‘माझ्या घरातलं कोण पायी जातं, कुठं आणि कशासाठी?’ अट एकच, घरी विचारून लिहायचं, गाईडला हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी पोरं गोंधळली. “सर, किती ओळी? सर, सुरुवात कशी करायची?” मग पेपर आले. कोणाची आजी शेगावला जाते. कोणाचे काका बहिरमला, आणि यात्रेतले रोडगे त्याला देवापेक्षा जास्त आठवतात. एकाची नानी सैलानीला. एकाचं घर महानुभाव, ते रिद्धपूरला. आणि एका पोरीनं लिहिलं, माझी आई रोज कापूस वेचायला पायी जाते, ती देवाला जात नाही, तिला वेळ नसतो. शुद्धलेखनाच्या नऊ चुका होत्या. मी लाल पेन खाली ठेवला आणि तो निबंध दोनदा वाचला.

वर्गात करून पाहण्यासारखं काही :

१. निबंधाचा विषय देण्याआधी एक तास नुसतं बोलू द्या. पोरं आधी बोलली की मग स्वतःचं लिहितात.

२. महाराष्ट्राच्या नकाशावर वर्गातल्या प्रत्येक घराची पायवाट रंगीत दोऱ्यानं लावा. शेगाव, कौंडण्यपूर, सैलानी, मुक्तागिरी, दीक्षाभूमी, पंढरपूर, जुनं गोवं. भूगोलाचा तासही होतो.

३. निबंधात न पटणारं काही दिसलं तर शेरा मारण्याआधी विद्यार्थ्याला जवळ बोलावून विचारा, “हे तू पाहिलंस का? सांग बरं.”

४. पालकहो, मुलांना गाईड घेऊन द्या, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळही बसवा. गाईडमध्ये नसलेलं वाक्य तिथं मिळतं.

तिच्या वडिलांनी नंतर त्या जुन्या पेपरचा फोटो मोबाइलवर पाठवला. माझा लाल शेरा अजून तसाच. गुण बदलून पाठवावेत असं क्षणभर वाटलं, पण आता त्यानं काय होणार? मी फक्त विचारलं की तिचा निबंध आमच्या वर्गात वाचून दाखवू का. तिचं उत्तर आलं, “वाचा सर. पण नाव सांगू नका. आणि आजीला अजून राग येतो, हे पण सांगा.”

सांगितलं.